टीव्हीसमोरची हॉकी

हॉकी आमच्या रक्तात आहे, असं मी भर स्टाफरूममध्ये म्हणाले, तेव्हा माझ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता आणि समोर राजेश सर होते. पोटात भूक आणि समोर राजेश सर असले की माणसाचं तोंड त्याच्या ताब्यात राहत नाही.

आमची शाळा विक्रोळीला, कन्नमवारनगरात. मी तिथे मराठी शिकवते. ओवी, भारूड, भोंडल्याची गाणी, जात्यावरची आणि झोपाळ्यावरची, हा माझा मुलूख. खेळाचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि नववीच्या मुलींचे शुक्रवारचे शेवटचे दोन तास माझ्या पदरात पडले. का, तर म्हणे मला शिट्टी वाजवता येते. शाळेला मैदान आहे. पण त्यावर सध्या शाळेचीच नवी इमारत उभी राहते आहे, त्यामुळे मैदान फक्त नकाशात दिसतं. मुली वर्गात बसून भेंड्या लावायच्या. मुलग्यांचा खेळ तर कधीच गेला होता. चाचणीत त्यांचे गणिताचे दिवे असे काही लागले, की त्यांचे शुक्रवारचे दोन्ही तास राजेश सरांनी जादा गणिताला घेतले.

आता सरांचा डोळा मुलींवर होता.

"नमिताबाई," सर म्हणाले, "तुमच्या मुली खेळाच्या तासाला गाणी म्हणतात. त्यापेक्षा समीकरणं सोडवतील. नाही म्हणजे, बसायचंच आहे ना?"

मुख्याध्यापिका वनमालाबाई शेजारच्या टेबलावर हजेरीपत्रक तपासत होत्या. त्यांचं पेन थांबलं. पेन थांबलं की आमच्या शाळेत कुणाचा तरी तास जातो.

"बसून कोण राहणार आहे?" मी म्हणाले. "मी हॉकीचा संघ बांधतेय. माझे वडील गिरणीच्या हॉकी संघात होते. हॉकी आमच्या रक्तात आहे."

माझे वडील गिरणीत होते, हे खरं. गिरणीचा हॉकी संघ होता, हेही खरं. वडील त्या संघाच्या काठ्या आणि बूट सांभाळायचे. म्हणजे आमच्या रक्तात हॉकी नाही, हॉकीची राखण आहे. पण खिचडी खाताना एवढी फोड करून कोण सांगतं?

वनमालाबाईंनी चष्मा वर केला. "नोव्हेंबरात जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आहेत. उतरवा संघ."

"बाई, एवढ्यात..."

"जिंका म्हणत नाहीये मी. एक गोल करा. एक. झाला तर तास मुलींचा. नाही झाला तर समीकरणं."

राजेश सरांनी हसून माझ्या डब्यातली खिचडी चमचाभर घेतली. जणू तासाचा पहिला हप्ता.

वर्गात जाऊन मी मुलींना सांगितलं. नववी ब मधल्या अकरा मुली. दिशा उठली. दिशा म्हणजे दोन वेण्या आणि चौकशी समिती.

"बाई, खेळाचा तास खरंच जाणार?"

"एक गोल केला नाही तर जाणार."

"आठवड्यातनं तेवढे दोनच तास आमचे आहेत बाई. बाकी सगळे शाळेचे. घरी गेलं की पाणी भरा, भावाला सांभाळा. ते पण गेले तर मग काय राहिलं?"

ती हे रडून बोलली असती तर मी समजूत काढली असती. ती सरळ हिशेब सांगावा तसं बोलली, म्हणून मी रात्रभर तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिले.

आणि अशा वेळी देव धावून येतो म्हणतात, तसा आमचा माजी विद्यार्थी चंद्रप्रकाश आला. हा पोरगा माझ्याकडे मराठीत दोनदा नापास झाला होता आणि आता परदेशात मोठ्या पगारावर आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नसावा, अशी मी आशा करते. शाळेला भेट म्हणून त्याने एक खोकं आणलं होतं.

"मॅडम, यात हॉकीचा गेम आहे. मैदान नको, बॉल नको, काही नको. टीव्हीवर हा कॅमेरा ठेवायचा, समोर उभं राहायचं आणि हात फिरवायचे. तुम्ही जसे हात फिरवाल तसा टीव्हीतला खेळाडू खेळतो."

"खरी हॉकी?"

"सेम टू सेम, मॅडम."

मी त्याचे मराठीतले सगळे जुने मार्क मनातल्या मनात वाढवून दिले.

डिजिटल वर्गात मोठा टीव्ही होताच. त्यावर ती काळी, लांबट पट्टी बसवली. तिच्या पोटात कुठेतरी डोळा होता म्हणे. समोर दोन जणींनी उभं राहायचं. आधी दोन्ही हात वर करून तीन आकडे मोजायचे, म्हणजे यंत्र तुम्हाला ओळखतं. मग टीव्हीत हिरवंगार मैदान उघडतं, तुमची खेळाडू पळत पळत चेंडूपाशी जाते आणि आपण इकडे फक्त फटका मारायचा. गोल झाला की पुन्हा दोन्ही हात वर. हात वर केल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही.

हातात काहीतरी हवं म्हणून भूमितीच्या कपाटातल्या मीटरच्या लाकडी पट्ट्या घेतल्या. राजेश सरांच्याच. मला त्यात एक खासगी आनंद होता.

या खेळाचे गुण मी मोकळ्या मनाने सांगते. खिडकीची काच फुटली नाही. कुणाचा गुडघा सोलवटला नाही. अर्ध्या विजारीचा प्रश्न आला नाही, त्यामुळे एकाही आईने निरोप पाठवला नाही. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे यंत्राचा स्वभाव. फटका चुकला की आतून एक गोड बाई म्हणायची, "गुड ट्राय." पुन्हा चुकला, "गुड ट्राय." चाळीस वेळा चुकला तरी तिचा सूर बदलत नव्हता. आमच्या मुलींना असं कुणी बोललेलं नव्हतं. मीही नाही. मी शुद्धलेखनाच्या वहीत लाल गोल काढते. पहिल्या आठवड्यात मुली कुजबुजत फटके मारायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्या एकमेकींना ओरडून "गुड ट्राय गं" म्हणायला लागल्या आणि पट्ट्या अशा फिरवायला लागल्या, की भिंतीवरची थोर माणसं जरा मागे सरली असती.

मग माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. हात एका लयीत फिरत नव्हते. लय आणायची तर चाल हवी. मी ओवी बांधली,

काठी घे गं हाती, वाक जराशी कंबरेत,
चेंडू येई दारी, धाड त्याला अंबरात.

'अंबरात' म्हणताना पट्टी वर. अकरा जणी एका सुरात म्हणायच्या आणि अकरा पट्ट्या एकदम वर जायच्या. शेतावर भात कापणाऱ्या बायांची रांग वाकून उठावी तसं ते दिसायचं. राजेश सर दारातून बघून गेले. जाताना पट्ट्या तेवढ्या मोजल्या.

टीव्हीत आमचे गोलावर गोल होत होते. मी वनमालाबाईंना दर शुक्रवारी आकडा सांगायचे. आज सतरा. आज बावीस.

"मला एकच हवाय," त्या म्हणायच्या.

मग खंडेनवमी आली.

आमचे शिपाई दत्ताराम, शाळेत येण्याआधी बावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली, पण खंडेनवमीला यंत्राची पूजा केल्याशिवाय ते पाणी पीत नाहीत. शाळेची घंटा, पाण्याची मोटर, झेरॉक्सचं यंत्र, वनमालाबाईंची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. यंदा ते डिजिटल वर्गात आले.

"बाईनू, ह्या नवीन यंत्राची पूजा झाली?"

"नाही हो दत्ताराम. त्याला काय..."

"असा बोला नको. पूजा केल्याशिवाय यंत्र चलात कसा?"

त्यांनी टीव्हीवरच्या काळ्या पट्टीला हात जोडले. भिजवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. वर माळ घातली. ती काळी पट्टी एकदम सवाष्ण दिसायला लागली. माळ दुसऱ्या दिवशी निघाली. कुंकू राहिलं. पूजेचं कुंकू कोण पुसणार? आणि खरं सांगते, त्या पट्टीत डोळा नेमका कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो छोटा हिरवा दिवा म्हणजेच डोळा.

दसऱ्यानंतर खेळात एक बदल झाला. वर्गाच्या उजव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मुलीचा फटका यंत्राला लागेना. ती कितीही वाको, कितीही फिरवो, टीव्हीतली तिची खेळाडू मख्खासारखी उभी. दोन शुक्रवारांत मुली आपोआप डावीकडे सरकल्या. डावीकडून मारलं की गोल. मुली शहाण्या. त्यांनी कारण विचारलं नाही. तव्यावर डाव्या हाताची भाकरी फुगते तर डाव्या हाताने थापायची, एवढं त्यांना घरून माहीत होतं.

मीही शहाणी. मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "डाव्या बगलेवरून हल्ला करायचं तंत्र बसवलंय आम्ही."

"असं असतं का काही?" राजेश सरांनी विचारलं.

"हॉकी कळणाऱ्यांना कळतं," मी म्हणाले.

नोव्हेंबरातला शनिवार. शाळेजवळच्या एका कंपनीच्या वसाहतीचं मैदान. मैदान म्हणजे काय असतं ते मी विसरूनच गेले होते. इतकं हिरवं, इतकं लांब, आणि पलीकडे खाडीवरून येणारं खारं वारं. मुली कुंपणाच्या आत आल्या आणि थबकल्या.

"बाई," दिशा हळूच म्हणाली, "हे टीव्हीपेक्षा मोठंय."

समोर दहिसरच्या शाळेचा संघ होता. त्यांच्या मुली आधीच मैदानाला फेऱ्या मारत होत्या. मला वाटलं, उशिरा आल्याची शिक्षा असेल.

वनमालाबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या शेजारी राजेश सर. सरांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सोमवारपासूनचं नवं वेळापत्रक होतं. छापूनच आणलं होतं. शुक्रवारच्या चौकटीत 'गणित' असं ठळक अक्षरात. पाण्याचे कॅन घेऊन दत्ताराम आले होते. काठ्या जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाकडून आदल्या दिवशी मिळाल्या होत्या, खऱ्या, जड, खाली वाकड्या.

पंच बाईंनी दोन्ही संघांना जागेवर बोलावलं. आमच्या अकरा मुली मैदानात उतरल्या, समोर बघितलं, आणि सगळ्यांनी एकदम दोन्ही हात वर केले.

एक. दोन. तीन.

दहिसरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांची कर्णधार पंच बाईंना म्हणाली, "मॅडम, ह्या हरल्या का?"

"ओळख करून देतायत," मी कुंपणाबाहेरून सांगितलं.

शिट्टी वाजली. आणि आमच्या संघाने तो खेळ खेळला, जो त्या मैदानावर आजवर कुणी खेळलं नसेल. सगळ्या मुली मैदानाच्या डाव्या बाजूला गेल्या आणि उभ्या राहिल्या. नीट, पाय रोवून, कंबरेत वाकून, काठी तयार. चेंडू उजवीकडून गेला. त्या उभ्या. चेंडू पाच हातांवरून गेला. त्या उभ्या. दहिसरच्या मुली आधी बिचकल्या, त्यांना वाटलं यात काहीतरी डाव आहे. मग एकीने धीर करून उजव्या मोकळ्या मैदानातून चेंडू नेला. वाटेत कुणीच नव्हतं.

"पळा गं," मी ओरडले.

"बाई, आपोआप जाईल ना ती," एकजण म्हणाली. म्हणाली आणि मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. टीव्हीतली खेळाडू पळायची. ही म्हणजे ती नव्हे, हे तिला तिथे, त्या क्षणी कळलं. मलाही.

एक मात्र पहाडासारखी उभी होती. गोलात अक्षता. अक्षता कोळीवाड्यातली. तिची आजी सुगंधा बाजारात मासळी विकते आणि भाव पाडणाऱ्यांपुढे तसूभरही हलत नाही. नात त्याच रक्ताची. दोन फटके तिने पायाने अडवले, एक पोटावर घेतला.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"बर्फाची पाटी पडते ती याच्यापेक्षा जोरात लागते बाई."

तरी अकरापैकी एकीने किती अडवायचं? चार झाले. पाचवा झाला. प्रत्येक गोलानंतर आमच्या मुली दहिसरच्या मुलीला मनापासून म्हणायच्या, "गुड ट्राय." सवयच लागली होती. दहिसरच्या कर्णधाराने पंच बाईंकडे तक्रार केली की या टोमणे मारतायत. पंच बाईंनी दिशाला बाजूला घेतलं.

"टोमणे कशाला मारता?"

"टोमणे नाही मॅडम. कुणी काही केलं की असं म्हणायचं असतं."

पंच बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाची लेस बांधायला घेतली. मी चप्पल घातली होती.

अखेर एक चेंडू चुकून खरोखरच दारी आला, दिशाच्या पुढ्यात. ओवी तिच्या ओठावर दिसली मला. वाकली, फिरवली, 'अंबरात'. चेंडू उंच गेला, दहिसरच्या दोघी डोकं धरून खाली बसल्या, आणि शिट्टी.

"चेंडू असा हवेत मारायचा नाही," पंच बाई म्हणाल्या. "डोकी फुटतील. आणि काठीच्या गोल बाजूने मारायचं नाही, सपाट बाजूने. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मीटरच्या पट्टीला दोन्ही बाजू सपाट असतात. हे मी सांगितलं नाही.

मध्यंतराला सात शून्य. मुली घामाघूम होऊन माझ्याभोवती बसल्या. वनमालाबाई चालत आल्या. मागे राजेश सर.

"नमिताबाई, सगळ्या डावीकडे का उभ्या राहतात?"

"ते तंत्र..."

"उजवीकडे यंत्राला दिसत नाही बाई," अक्षताने सरळ सांगून टाकलं. "दसऱ्यापासून. म्हणून आम्ही डावीकडे खेळतो."

"दसऱ्यापासून?" राजेश सरांनी विचारलं. "दसऱ्याला काय झालं?"

पाण्याचा पेला भरता भरता दत्तारामांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे. "बाईनू, डोळो म्हणतंत तो काळो गोल काय? उजव्या अंगाक होतो तो?"

"तुम्ही त्याला..."

"कुंकू मीच लायलंय. बरा मोठा बोट लायलंय, अर्धो डोळो झाकलो." ते हळू आवाजात म्हणाले, "साच्याक लावताना मुकादम सांगायचो, चाकार लावू नको, कडेक लाव. ता आज आठावला."

मुलींमध्ये कुठेतरी हसू फुटलं. ते पाण्यासारखं पसरत गेलं. अकराही जणी मैदानावर आडव्या होऊन हसत होत्या. सात गोल खाल्लेला संघ इतका हसताना दहिसरकरांनी पाहिला नसेल. एक महिना आम्ही एका कुंकवाच्या बोटाला चुकवत हॉकी शिकलो होतो.

मी मात्र हसू शकले नाही. मला शुक्रवार दिसत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतला.

दिशा उठून माझ्याजवळ आली. "बाई, ओवी बदला."

"काय?"

"चेंडू दारी येत नाहीये. आपल्याला जायला लागेल."

वीस वर्षं मी मुलांच्या कविता तपासते. माझी कुणी पहिल्यांदा तपासली, आणि बरोबर तपासली.

"जा," मी म्हणाले. "उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे जा."

दुसरा डाव वेगळा झाला. चांगला झाला असं म्हणत नाही. मुली पळाल्या, एकमेकींवर आपटल्या, काठ्या अडकल्या, एकीचा बूट निघाला आणि ती मोज्यावर पळाली. पण पळाल्या. आणखी दोन गोल खाल्ले. नऊ शून्य. वनमालाबाई घड्याळ बघायला लागल्या. चार मिनिटं उरली होती.

मग दहिसरचा एक फटका अक्षताने पायाने असा परतवला, की चेंडू सरळ अर्धं मैदान ओलांडून गेला. पुढे कुणी नव्हतं. दहिसरच्या बाकीच्या मुली आमच्या गोलापाशी गोळा झाल्या होत्या. आणि दिशा पळायला लागली. दोन वेण्या मागे ताठ, काठी जमिनीलगत. खारं वारं अंगावर घेऊन ती अशी पळत होती, जशी कुणी तिच्या वाटणीचे दोन तास घेऊन पुढे चाललंय आणि तिला ते परत हवेत.

"पळ गं माझे बाय," मी म्हणाले. मला वाटतं राजेश सरही काही म्हणाले. ते उभे होते.

दहिसरची गोलरक्षक दिवसभरात चेंडूला शिवली नव्हती. ती खांबाला टेकून वेणी घालत होती. दिशाने चेंडू गाठला. वाकली. सपाट बाजू. जमिनीलगत. चेंडू गवतातून सळसळत गेला, गोलरक्षक मुलीच्या पायाशेजारून गेला, आणि मागच्या फळीवर 'ठक्क' असा आवाज झाला.

तो आवाज आमच्या टीव्हीत कधी आला नव्हता.

आमच्या मुलींनी दोन्ही हात वर केले आणि तशाच उभ्या राहिल्या, पुढचा खेळ सुरू होण्याची वाट बघत. मी दत्तारामांना मिठी मारायची राहिले एवढंच. आणि शिट्टी वाजली, लांब.

"गोल नाही," पंच बाई म्हणाल्या.

"का?"

त्यांनी काठीने जमिनीवरची चुन्याची रेघ दाखवली. गोलासमोर काढलेलं मोठं अर्धवर्तुळ. "फटका या रेघेच्या आतून मारायला लागतो. तिने बाहेरून मारला."

मी ती रेघ सकाळपासून बघत होते. मला वाटलं, शोभेची रांगोळी आहे.

मुलींचे हात अजून वरच होते. ते खाली कसे घ्यायला सांगायचे, मला कळेना.

तेवढ्यात माझ्या बाजूने कुणीतरी मैदानात गेलं. राजेश सर. खडूचे डाग पडलेल्या शर्टात, पिशवी खुर्चीवर टाकून, ताडताड चालत.

"मॅडम, या वर्तुळाची त्रिज्या किती?"

"सोळा यार्ड," पंच बाई म्हणाल्या. "पण सर, तुम्ही आत येऊ नका."

"केंद्र कुठे धरलंय? गोलाच्या खांबापासून ना? म्हणजे हे एक अर्धवर्तुळ नाहीच. दोन चतुर्थांश आणि मध्ये सरळ रेषा." सर वाकले. गवतात फटक्याची ताजी खूण होती. तिथपासून रेघेपर्यंत त्यांनी वीत मोजली, पुन्हा मोजली. मग उठून सावकाश परत आले. चेहरा असा, की घरातलं कुणी परीक्षेत नापास झालंय.

"दीड फूट," ते म्हणाले. "नमिताबाई, दीड फुटाने गेला हो. तुम्ही या मुलींना वर्तुळ शिकवलंच नाहीत?"

"टीव्हीत नव्हतं," मी म्हणाले.

सामना नऊ शून्यावर संपला. आम्ही सगळे वनमालाबाईंच्या खुर्चीभोवती उभे राहिलो. त्यांनी पर्स बंद केली. उघडली. पुन्हा बंद केली.

"सर, तुमचं काय म्हणणं?"

"नियमाने शून्य," राजेश सर म्हणाले. त्यांनी दिशाकडे बघितलं. दिशाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. "पण ही अशी जागा आहे बाई, की थोडं शिकवलं तर... म्हणजे कोन बघा ना. डावी कड सोडून मधून आत शिरलं तर गोलाची रुंदी जास्त दिसते. हे मुलींना कुणी सांगितलेलंच नाही."

"मी एक गोल म्हटलं होतं," वनमालाबाई म्हणाल्या. "चेंडू आत गेलेला मी बघितला. आवाजही ऐकला. पंचांचं पंचांच्या वहीत राहू दे. तास मुलींचा."

मुलींनी जो गलका केला, तो मला लिहिता येणार नाही. अक्षताने दिशाला उचललं. दत्तारामांनी पिशवीतलं वेळापत्रक काढून आपलं आपणच चार तुकडे केले आणि खिशात ठेवले, मैदानावर कचरा नको म्हणून. माझे डोळे भरले. मी पदराने पुसून पुढच्या शुक्रवारी काय काय करायचं ते मनात मांडायला लागले. मैदानाची परवानगी, नव्या काठ्या, नवी ओवी.

"तास राजेश सर घेतील," वनमालाबाई म्हणाल्या.

मी पदर खाली केला. "आणि मुलग्यांचं जादा गणित?"

"ते कुणीतरी बघायलाच हवं." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चालीवर छान बसवता, नमिताबाई. मुलग्यांचे पाढे कच्चे आहेत. एवढे पक्के करून द्या."

तर आता शुक्रवारी शेवटचे दोन तास राजेश सर कंपनीच्या मैदानावर असतात. गळ्यात शिट्टी, खिशात चुन्याची पुडी. मुली पळतात, वर्तुळात शिरतात, काटकोनात वळतात म्हणे. परवा दिशा सांगत होती की सर ओरडत नाहीत, फक्त चुकलं की जमिनीवर आकृती काढतात.

आणि मी नववीच्या सव्वीस मुलग्यांसमोर उभी असते. पाढे ओवीच्या चालीवर. सोळापर्यंत चाल अगदी सुरेख बसते. सतरापासून मात्रा वाढतात, आणि तिथे मी गायचं थांबवून मुलांनाच एकेक करून उभं करते. त्यांना वाटतं, बाई परीक्षा घेतायत.

वाटू दे.